नॅनोसेकंदाचा दुरावा

उन्हात असलेली एखादी पांढरी रंगवलेली वस्तू शोधा. खिडकीची चौकट चालेल, गॅलरीचा कठडा चालेल, अंगणातलं फाटक चालेल. बरेच उन्हाळे काढलेली असली तर फारच चांगलं. तिच्यासमोर सावलीत बसा, पाठ टेकवा. करायचं काही नाही. नजर त्या पांढऱ्यावर राहू द्या आणि मी म्हणेन तिथे मन सावकाश नेत चला. मध्येच ते दुसरीकडे गेलं तर जाऊ द्या. परत आलं की पुढचं वाचा.

हा पांढरा बहुधा टायटॅनियम डायऑक्साइडचा आहे. औषधाच्या गोळीवरचा पांढरा थर, टूथपेस्ट, उन्हापासून त्वचा राखणारं मलम, गुळगुळीत कागद, यांत पुष्कळदा हाच असतो. त्याचं मूळ मात्र काळं आहे. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर काही ठिकाणी ओल्या वाळूत काळे, जड, चमकदार पट्टे दिसतात. ते इल्मेनाइटचे कण. सह्याद्रीच्या काळ्या खडकातून झिजत झिजत ते समुद्राकडे आले. त्यांत लोखंड आणि टायटॅनियम प्राणवायूशी बांधलेले असतात. 1791 मध्ये इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये विल्यम ग्रेगर या पाद्र्याला अशाच काळ्या वाळूत या धातूचा पहिला माग लागला. लोखंड काढून टाकलं, उरलेलं शुद्ध केलं, की हा लख्ख पांढरा हाती येतो. किनाऱ्यावरचा तो काळा पट्टा आणि समोरची ही चौकट, दोन्ही क्षणभर मनात शेजारी शेजारी ठेवा.

आता हात पुढे करून त्या पृष्ठभागावरून तळवा फिरवा. रंग जुना असेल तर तळव्याला पांढरी पूड लागेल. चुन्याची भिंत अंगाला लागते ते वेगळं. हा तेलाचा किंवा चिकट द्रव्यात कालवलेला रंग आहे, तो हाताला यायला नको होता. याला पाऊस-वारा कारण असतो, ऊन तर असतंच, पण त्यांच्या जोडीला तो पांढरा कण स्वतःही कारण असू शकतो. ऊन पडलं की तो आपल्याला धरून ठेवणारं द्रव्यच हळूहळू कुरतडतो. रंगाच्या कारखान्यांना ही खोड विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून ठाऊक आहे. म्हणून ते कणांवर सिलिकाचा आणि अ‍ॅल्युमिनाचा पातळ थर चढवतात. मग पांढरेपणा राहतो, कुरतडणं पुष्कळ कमी होतं. पाणी शुद्ध करू पाहणारे, जंतू मारू पाहणारे आणि पाण्यातून इंधन काढू पाहणारे संशोधक नेमकं उलट करतात. ते थर चढवत नाहीत, कण आणखी बारीक करतात आणि त्याची ही ताकद हवी तिथे वळवायला बघतात. आपल्याला या ताकदीच्या मुळाशी जायचं आहे. तळव्यावरची पूड इतक्यात पुसू नका.

त्या पुडीतला एकच कण मनात निवडा. रंगातला कण साधारण 200 ते 300 नॅनोमीटरचा असतो. प्रयोगशाळेत वापरतात तो त्याच्या दहाव्या हिश्शाचा, 25 नॅनोमीटरच्या आसपास. केसाची जाडी 80,000 नॅनोमीटर धरली तर ती भरायला असे 3,000 हून जास्त कण ओळीने मांडावे लागतील. अशा एका कणाच्या आत जाऊ.

आत टायटॅनियमचे आणि प्राणवायूचे अणू ठरल्या जागी रांगा धरून आहेत. इलेक्ट्रॉन आपापल्या बंधांत अडकलेले आहेत. मोकळं हिंडायचं तर त्यांना 3.2 इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतकी ऊर्जा एका दमात मिळावी लागते. थोडी आज, थोडी उद्या, असं चालत नाही. लाल प्रकाश येतो आणि काही न घडवता जातो. पिवळा येतो, हिरवा येतो, निळा येतो. सगळे आले तसे माघारी फिरतात, म्हणून तर वस्तू पांढरी दिसते. 388 नॅनोमीटरहून कमी तरंगलांबीचा, डोळ्यांना न दिसणारा अतिनील प्रकाश आला तरच आत हालचाल होते. जमिनीवर पोचणाऱ्या सूर्याच्या ऊर्जेत असा प्रकाश शंभरात चार-पाच भाग. म्हणजे तुमच्यासमोर जे ऊन पडलं आहे, त्यातल्या बहुतेक उन्हाचा या कणाला उपयोग नाही. हे ध्यानात राहू द्या, शेवटी लागणार आहे.

येऊ द्या तसा एक फोटॉन. आठ मिनिटांहून थोडा जास्त प्रवास करून तो सूर्यापासून इथवर आला आहे. तो कणात शिरतो आणि संपतो. त्याची सगळी ऊर्जा एका इलेक्ट्रॉनला मिळते आणि तो बंधातून सुटतो. त्याच्या जागी जी उणीव राहते तिला शास्त्रज्ञ पोकळी म्हणतात. शेजारच्या बंधातला इलेक्ट्रॉन त्या उणिवेत येतो, मग उणीव शेजारी जाते, तिथून पुढच्या जागी जाते. अशी पोकळीही स्फटिकातून सरकत राहते.

इथे थांबा. या विषयात पुढे जे जे होणार आहे ते या एका घटनेतून. एका जागी असलेल्या दोघांची प्रकाशाने ताटातूट केली, आणि ताटातूट झाल्यामुळे दोघांच्या अंगी सामर्थ्य आलं. इलेक्ट्रॉन कुणाला तरी जाऊन मिळायला उतावीळ आहे. पोकळी कुणाकडून तरी इलेक्ट्रॉन ओढून घ्यायला टपली आहे. पण दोघांना सगळ्यांत जवळ कोण? तेच एकमेकांना. जत्रेत हात सुटलेलं मूल दोन पावलांवर आईला सापडावं, तशा बहुतेक ताटातुटी जिथल्या तिथे मिटतात. इलेक्ट्रॉन पोकळीत परततो, फोटॉनने आणलेली ऊर्जा उष्णतेच्या रूपाने स्फटिकात जिरून जाते, आणि बाहेरच्या जगाला काही कळतही नाही.

हे मिटायला लागणारा वेळ नॅनोसेकंदांत मोजतात. एका नॅनोसेकंदात प्रकाशसुद्धा जेमतेम फूटभर जातो. आता एक सावकाश श्वास घ्या आणि सोडा. तेवढ्यात तीन-चार अब्ज नॅनोसेकंद गेले. समोरच्या त्या पांढऱ्यावर तेवढ्या वेळात किती वेळा प्रकाशाने हात सोडवले असतील आणि किती वेळा ते पुन्हा जुळले असतील, याचा अंदाज करायचा प्रयत्न नको. नुसतं ते चाललं आहे एवढं जाणवू द्या.

या संशोधनात आयुष्य घालणाऱ्यांचं खरं काम काय, असं मला कुणी विचारलं तर मी म्हणेन: ताटातूट लांबवणं. कण लहान केला की पृष्ठभाग जवळ येतो आणि इलेक्ट्रॉनला किंवा पोकळीला पुन्हा भेट व्हायच्या आत बाहेर पडता येतं. कणावर प्लॅटिनमचे इवलेसे ठिपके बसवले की इलेक्ट्रॉन तिकडे ओढले जातात. टायटॅनियम डायऑक्साइडचे अ‍ॅनाटेज आणि रुटाइल असे दोन स्फटिकप्रकार एकमेकांना चिकटवले की दोघं वेगवेगळ्या प्रकारांत विसावतात. बाजारात मिळणारी सर्वांत प्रसिद्ध पूड अशीच, साधारण चार भाग अ‍ॅनाटेज आणि एक भाग रुटाइल. हजारो शोधनिबंध, शेकडो नवे पदार्थ, कितीतरी भट्ट्या आणि दिवे. पण तळाशी धडपड एकच: या दोघांना थोडा वेळ वेगळं ठेवा.

त्या थोड्या वेळात पोकळी पृष्ठभागापर्यंत पोचली, असं समजू. तिथे पाणी आहे. कोरड्या दिसणाऱ्या कणावरही हवेतल्या ओलाव्याचा थर असतोच. पोकळी त्या पाण्याकडून इलेक्ट्रॉन ओढते, आणि मागे उरतो हायड्रॉक्सिल मूलक: एक प्राणवायू, एक हायड्रोजन, आणि जोडीदार नसलेला एक इलेक्ट्रॉन. क्लोरीनपेक्षा, ओझोनपेक्षाही हा जहाल. समोर येईल त्या कार्बनी रेणूला तो फोडतो. दुसऱ्या अंगाने इलेक्ट्रॉन हवेतल्या किंवा पाण्यातल्या प्राणवायूला चिकटतो आणि त्याचाही एक आक्रमक प्रकार तयार होतो. रंगातलं चिकट द्रव्य कुरतडलं गेलं ते या दोघांमुळे.

मूलक जहाल आहे, पण अल्पायुषी. जन्मल्या जागेपासून तो थोडेच नॅनोमीटर जाऊ शकतो. म्हणून तो जंतूच्या मागे जात नाही. जंतूला कणापाशी यावं लागतं. एश्चेरिशिया कोलाय हा आतड्यातला जंतू दोन मायक्रोमीटर लांब, म्हणजे आपल्या कणाच्या ऐंशी पट. तो पाण्यात तरंगत तरंगत कणाला टेकतो. टेकल्या जागी त्याच्या पातळ आवरणातली स्निग्ध द्रव्यं जळायला लागतात, आवरण गळतं, आतलं बाहेर येतं. हे सेकंदात होत नाही, मिनिटं लागतात, कधी तास. 1985 मध्ये तादाशी मात्सुनागा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्लॅटिनम लावलेल्या टायटॅनियम डायऑक्साइडने प्रकाशात सूक्ष्मजीव मरतात हे दाखवलं. त्याच्याही शंभरेक वर्षं आधी, 1877 मध्ये, आर्थर डाउन्स आणि थॉमस ब्लंट यांनी नुसतं ऊन जंतूंची वाढ थांबवतं हे लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडलं होतं. कणाने उन्हाच्या त्या जुन्याच कामाला हात लावला.

आणि कण? तो होता तसाच आहे. इलेक्ट्रॉन गेला होता, प्राणवायूला दिला. पोकळी पडली होती, पाण्याकडून भरून घेतली. हिशेब पुरा झाला. दुसरा फोटॉन येईल तेव्हा सगळं पुन्हा पहिल्यापासून. तळव्यावरच्या पुडीकडे परत पाहा. तिने कितीतरी उन्हाळे हे केलं आहे, आणि ती झिजलेली नाही.

आता मन तोक्योला नेऊ. 1967 साल. तोक्यो विद्यापीठात केनइची होंडा यांच्या हाताखाली अकिरा फुजिशिमा नावाचा एक तरुण संशोधन करतो आहे. त्याने रुटाइलचा एक स्फटिक पाण्यात बुडवला आहे, तारेने तो प्लॅटिनमच्या पत्र्याशी जोडला आहे, आणि स्फटिकावर झेनॉन दिव्याचा प्रखर प्रकाश टाकला आहे. स्फटिकावर बुडबुडे येतात. ते प्राणवायूचे. प्लॅटिनमवर येतात ते हायड्रोजनचे. विजेने पाणी फोडायचं तर शास्त्राच्या हिशेबाने निदान 1.23 व्होल्ट लागतात. इथे त्याहून फार कमी व्होल्टवर पाणी फुटत होतं, कारण उरलेलं काम प्रकाश करत होता. त्या काळी ठाऊक असलेले असे दुसरे पदार्थ, जस्ताचं ऑक्साइड किंवा कॅडमियम सल्फाइड, पाण्यात प्रकाश पडला की स्वतःच विरघळत. रुटाइल विरघळला नाही.

ते बुडबुडे डोळ्यांसमोर आणा. घाई नको. पाण्याचे दोन घटक प्रकाशाने सुटे झाले आणि दोन वेगळ्या टोकांवर वर येत राहिले. इलेक्ट्रॉनला तारेतून दूर पाठवलं होतं, म्हणून त्याला पोकळीकडे परतायची वाट सोपी राहिली नव्हती.

या प्रयोगाचा निबंध 1972 मध्ये ‘नेचर’मध्ये आला. पुढच्या वर्षी तेलसंकट कोसळलं, आणि 1 जानेवारी 1974 च्या ‘असाही शिम्बुन’च्या पहिल्या पानावर ही बातमी झळकली: पाणी आणि ऊन यांतून इंधन. फुजिशिमांनी छपरावर मोठ्या पृष्ठभागाचा प्रयोग करून पाहिला. उन्हाळ्यातल्या एका स्वच्छ दिवशी चौरस मीटरला सुमारे 7 लिटर हायड्रोजन मिळाला. तेवढा जाळला तर एक लिटर पाणी वीसेक अंशांनी तापेल. चहाला उकळी येणार नाही. सूर्याच्या ऊर्जेतला जेमतेम 0.3 टक्का हाती आला होता. जगभर आशा उसळली, काही वर्षांत ओसरली. मला त्या 7 लिटरांबद्दल आदर वाटतो. प्रयोग छपरावर नेल्याशिवाय तो आकडा कळला नसता, आणि तो कळल्यावर त्यांनी तो मांडला.

पुढचं वळण 1990 च्या सुमारास आलं, आणि ते विचाराचं होतं. काझुहितो हाशिमोतो आणि फुजिशिमा यांनी हिशेब उलटा केला. ऊर्जा मिळवायची तर प्रत्येक फोटॉन मोलाचा, कारण ऊर्जा फार लागते. पण खोलीतल्या टाइलवर दिवसभरात बसणारे जंतू, तेलकटपणा, वास हे सगळं मिळून वजनाने किती? नगण्य. तेवढं जाळायला ट्यूबलाइटमधून निसटणारा थोडासा अतिनील प्रकाशही पुरावा. टोटो या कंपनीबरोबर त्यांनी अशा टाइल बनवल्या, त्या शस्त्रक्रियेच्या खोल्यांत लावून पाहिल्या. मग बोगद्यांतल्या दिव्यांच्या काचा आल्या, इमारतींच्या काचा आल्या, रोममध्ये रिचर्ड मायर यांनी बांधलेलं पांढऱ्या काँक्रीटचं चर्च आलं. प्रकाशात या पृष्ठभागाला पाण्याची ओढही लागते. थेंब थेंब न राहता पाणी पापुद्र्यासारखं पसरतं आणि मळ घेऊन घसरतं. या सगळ्यावर मी फार रेंगाळत नाही. हे यशस्वी झालं कारण काम लहान होतं आणि वेळ भरपूर होता.

पाण्यापाशी मात्र रेंगाळायला हवं. एक ग्लास पाणी आणा आणि उन्हात ठेवा. त्याच्याकडे बघत पुढचं वाचा.

1977 मध्ये टेक्सास विद्यापीठातल्या स्टीव्हन फ्रँक आणि अ‍ॅलन बार्ड यांनी दाखवलं की पाण्यात टायटॅनियम डायऑक्साइडची पूड घालून प्रकाश पाडला तर सायनाइडसारखं विषही मोडतं. तेव्हापासून कीटकनाशकं, रंग, औषधांचे अवशेष, असा एकेक पदार्थ या पुडीपुढे उभा केला गेला आणि बहुतेक हरले. पुरेसा वेळ दिला तर कार्बनी रेणूचं मुख्यतः कार्बन डायऑक्साइड आणि पाणीच उरतं. मुंबई विद्यापीठाच्या रसायन-तंत्रज्ञान विभागातून, म्हणजे यूडीसीटीतून, 2002 मध्ये भातखंडे, पांगारकर आणि नेदरलँड्सचे बेनाकर्स यांचा या विषयाचा आढावा प्रसिद्ध झाला. त्या काळी या क्षेत्रात शिरणाऱ्या कितीतरी विद्यार्थ्यांची सुरुवात त्यापासून झाली असेल.

पण मला इथे एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. या विषयावरच्या निबंधांचा मोठा वाटा एकाच परीक्षेवर उभा आहे: शुद्ध केलेल्या पाण्यात मिथिलीन ब्लू हा निळा रंग घालायचा, आपला नवा पदार्थ टाकायचा, दिवा लावायचा, आणि रंग किती मिनिटांत फिका पडतो ते मोजायचं. मिथिलीन ब्लू स्वतःच प्रकाश शोषतो आणि प्रकाशात आपला आपणही फिका पडतो. शिवाय रंग जाणं म्हणजे रेणू संपणं असंही नाही. रंग देणारा भाग मोडला, बाकीचा रेणू पाण्यातच आहे, अशी स्थिती मधे असू शकते. फिकं पडणारं पाणी बघायला छान वाटतं. ते बघून समाधान मानण्यात या क्षेत्राची बरीच वर्षं गेली, आणि मला त्याचं वाईट वाटतं, कारण ज्यांना या पाण्याची गरज आहे त्यांच्या नळाला शुद्ध केलेलं पाणी आणि निळा रंग येत नाही.

त्यांच्याकडे येतं ते पाणी मनात आणा. इचलकरंजीच्या कापड सायझिंग-प्रोसेसिंगच्या भागातून पंचगंगेकडे जाणारं पाणी, ज्यात रंगाबरोबर मीठ आहे, खळ आहे, साबण आहे. पावसाळ्यातली गढूळ नदी, जिच्यात प्रकाश वीतभरही उतरत नाही. दख्खनच्या काळ्या खडकातून झिरपलेली विहीर, दिसायला नितळ, पण बायकार्बोनेटने भरलेली. हे बायकार्बोनेट माणसाला अपायकारक नाही. पण हायड्रॉक्सिल मूलक जन्मला की ते त्याला आधी गाठतं. झाडापाल्याचा कुजका अंश तसाच. लाखो निरुपद्रवी रेणूंच्या गर्दीत कीटकनाशकाचा एखादा रेणू असतो, आणि मूलक निवड करत नाही. जो जवळ तो त्याचा. ग्लासातल्या तुमच्या पाण्याकडे पाहा. ते स्वच्छ दिसतं आहे. त्यात विरघळलेलं जे जे आहे ते सगळं या मूलकाच्या वाटेत उभं आहे.

आणखी एक अडचण साधी आहे आणि म्हणून कठीण आहे. पूड पाण्यात घातली की ती परत काढायची कशी? इतके बारीक कण गाळणीतून जातात, तळाशी बसायला फार वेळ घेतात. या पुडीची धूळ श्वासात जाणं बरं नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने ती माणसात कर्करोग घडवू शकण्याची शक्यता असलेल्या पदार्थांत धरली आहे, आणि युरोपात 2022 पासून खाद्यपदार्थांत टायटॅनियम डायऑक्साइड घालायला बंदी आहे. पूड काचेवर किंवा मण्यांवर पक्की बसवली तर काढायचा प्रश्न मिटतो, पण मग पाण्याला भेटणारा पृष्ठभाग कमी होतो आणि काम मंदावतं.

म्हणून माझं मत असं झालं आहे की गावाच्या पिण्याच्या पाण्यातले नेहमीचे जंतू मारायला क्लोरीनच बरं. स्वस्त, ठाऊक असलेलं, नळाच्या शेवटच्या टोकापर्यंत टिकणारं. या पदार्थांची खरी जागा आहे ती जिथे क्लोरीन आणि शुद्धीकरण केंद्रातले जिवाणू दोघंही हरतात तिथे. थोड्या पाण्यात थोडंसं पण चिवट विष असतं तिथे. स्पेनमधल्या अल्मेरियाच्या भरपूर उन्हाच्या प्रदेशात प्लास्टिकच्या छपराखाली मैलोन्मैल भाजीपाला पिकतो; तिथे कीटकनाशकांचे रिकामे डबे धुतलेलं पाणी उन्हाच्या जोरावर शुद्ध करायची यंत्रणा उभी राहिली. तिच्यात टायटॅनियमऐवजी लोखंड आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांची जोडी वापरली, कारण तिथे ती जास्त वेगाने चालत होती. ज्यांनी टायटॅनियमवर वर्षं घालवली त्याच वर्तुळातल्या लोकांनी हा निर्णय घेतला. आपल्या आवडत्या पदार्थापेक्षा समोरचं पाणी मोठं मानणं मला फार मोलाचं वाटतं.

उन्हातला ग्लास अजून तिथेच असेल. आता कण, पूड, प्लॅटिनम सगळं मनातून बाजूला ठेवा. फक्त पाणी आणि ऊन राहू द्या. बैरुतच्या अमेरिकन विद्यापीठातले आफ्तिम अक्रा यांनी 1980 च्या सुमारास नेमकं एवढंच तपासलं: पारदर्शक भांड्यातलं पाणी उन्हात ठेवलं तर जंतू मरतात का. मरतात. पुढे स्वित्झर्लंडच्या एआवाग या जलसंशोधन संस्थेने 1991 पासून त्याची पद्धत घोटली. प्लास्टिकची पारदर्शक बाटली, जास्तीत जास्त दोन लिटरची. पाणी फार गढूळ नको. स्वच्छ उन्हात सहा तास, आभाळ असेल तर दोन दिवस. केनियातल्या मसाई मुलांमध्ये रोनन कॉनरॉय आणि सहकाऱ्यांनी 1996 मध्ये याची चाचणी प्रसिद्ध केली. अशी बाटली पिणाऱ्या मुलांना जुलाब कमी झाले. 2009 मध्ये बोलिव्हियाच्या खेड्यांतून दुसरा अभ्यास आला. तिथे ठळक फरक दिसला नाही. कारण शोधलं तर असं दिसलं की घरोघरी शिकवूनही साधारण तिसऱ्या हिश्शाइतकाच वापर होत होता.

त्या दोन अभ्यासांच्या मध्ये थोडा वेळ बसा. बाटली तीच, ऊन तेच. रोज सकाळी कुणीतरी, बहुधा घरातल्या बाईने, पाणी आणायचं, बाटल्या भरायच्या, छपरावर ठेवायच्या, संध्याकाळी काढायच्या, थंड व्हायची वाट बघायची, आणि तोवर तहानलेल्या पोराला थांबवायचं. शेतात जायचं असेल, बाळ आजारी असेल, आभाळ असेल तरी. बाटलीच्या आत कणांचा थर दिला तर सहा तासांचे काही तास वाचू शकतात; त्यावरही काम झालं आहे. वाचलेला तास कुणाच्या वाट्याचा, हे त्या संशोधनाने विसरू नये असं मला फार वाटतं.

आता ग्लास उचला, पाणी पिऊन टाका किंवा कुंडीत ओता, आणि जवळच्या एखाद्या पानाकडे वळा. तुळस असेल, मनीप्लांट असेल.

पानातही हीच ताटातूट चालू आहे. हरितद्रव्याने प्रकाश घेतला की तिथेही इलेक्ट्रॉन सुटतो आणि मागे उणीव राहते. पण पान त्यांना भेटू देत नाही. इलेक्ट्रॉन काही पिकोसेकंदांत, म्हणजे नॅनोसेकंदाच्या हजाराव्या भागांत, शेजारच्या रेणूकडे दिला जातो; काहीशे पिकोसेकंदांत त्याच्या पुढच्याकडे. प्रत्येक पावलाला परतीची वाट अवघड होते. मागची उणीव पाण्याकडून भरून घेतली जाते आणि त्यातून आपण श्वासात घेतो तो प्राणवायू निघतो. पानाला त्यासाठी अतिनील प्रकाश लागत नाही, लाल पुरतो. किंमत मात्र द्यावी लागते: या कामाच्या मध्यभागी असलेलं एक प्रथिन कडक उन्हात इतकं झिजतं की सुमारे दर अर्ध्या तासाने ते बदलून नवं बसवावं लागतं. पान सतत मोडतं आणि सतत दुरुस्त होतं. तुमच्या तळव्यावरचा पांढरा कण झिजत नाही, पण त्याला लाल प्रकाश दिसत नाही आणि त्याच्याकडे आलेले बहुतेक इलेक्ट्रॉन परत जातात. दोघांकडे आळीपाळीने बघा. पानाकडून शिकायचं ते देवाणघेवाणीचं कौशल्य आहे, आणि कणाकडे आहे ते टिकणं.

जपानमध्ये काझुनारी डोमेन यांच्या गटाने हे कौशल्य दगडात आणायचा प्रयत्न केला. स्ट्राँशियम टायटॅनेट नावाचा, टायटॅनियम डायऑक्साइडच्याच नात्यातला स्फटिक त्यांनी घेतला, त्यात थोडं अ‍ॅल्युमिनियम मिसळलं. या स्फटिकाला वेगवेगळ्या प्रकारच्या बाजू असतात. एका प्रकारच्या बाजूंवर त्यांनी ऱ्होडियम आणि क्रोमियम बसवलं, तिथे हायड्रोजन निघावा म्हणून; दुसऱ्या प्रकारच्या बाजूंवर कोबाल्ट, तिथे प्राणवायू निघावा म्हणून. इलेक्ट्रॉन एका बाजूला ओढला गेला, पोकळी दुसऱ्या बाजूला. कणाच्या आतच दोघांच्या वाटा फुटल्या. फुजिशिमांच्या तारेची गरज उरली नाही. 2020 मध्ये त्यांनी मोजलं तेव्हा 350 ते 360 नॅनोमीटरच्या प्रकाशात 96 टक्क्यांपर्यंत फोटॉन पाणी फोडण्याच्या कामी आले होते. शंभरातले शहाण्णव. या स्फटिकात, या प्रकाशात, परतभेट जवळपास थांबली.

हाच पदार्थ 100 चौरस मीटरच्या पट्ट्यांवर पसरून उघड्यावर ठेवल्याचा प्रयोग त्यांनी पुढच्या वर्षी प्रसिद्ध केला. पाण्याचा अगदी पातळ थर, वर काच, निघालेल्या वायूंतून हायड्रोजन वेगळा करायला पातळ पडदा. हायड्रोजन आणि प्राणवायू एकत्र निघतात म्हणजे स्फोटाचं भय. ते भय त्यांनी मुद्दाम ठिणगी टाकून तपासलं. काही महिने ही यंत्रणा चालली. सूर्याच्या ऊर्जेतला जास्तीत जास्त 0.76 टक्का हायड्रोजनमध्ये उतरला. व्यवहारात परवडायचं तर निदान 5 टक्के हवेत, असं याच क्षेत्रातले लोक म्हणतात.

शहाण्णव आणि पाऊण टक्का यांतलं अंतर आता तुम्हाला कळेल. सुरुवातीला ध्यानात ठेवायला सांगितलं होतं ते हेच: या स्फटिकालाही फक्त अतिनील प्रकाश चालतो, आणि तो उन्हात शंभरात चार-पाच भाग. ज्या प्रकाशात परतभेट थांबवता आली तो प्रकाशच थोडा आहे. 2019 मध्ये याच गटाने इट्रियम, टायटॅनियम, प्राणवायू आणि गंधक यांचा एक पदार्थ दाखवला, जो 640 नॅनोमीटरपर्यंतचा, म्हणजे लालसर नारिंगीपर्यंतचा प्रकाश घेतो आणि पाणी फोडतो. त्यातून मिळणारा हायड्रोजन अजून अगदी नगण्य आहे. त्या पदार्थातही फोटॉन येतो, इलेक्ट्रॉन सुटतो, मागे पोकळी राहते, आणि बहुतेक वेळा दोघं बाहेर पडायच्या आत एकमेकांना सापडतात. त्या स्फटिकाला अजून दोन वाटा फुटायच्या आहेत. भट्टीचं तापमान, गंधकाचं प्रमाण, कणाचा आकार, कोणत्या बाजूवर कोणता धातू, हे एकेक करून बदलत प्रयोगशाळांत आज त्याच्यावर काम चालू आहे.